भिंतीची चव

माणूस आपल्या घरी आला की आधी चपला काढतो, मग बसतो, मग कुणी पाणी विचारलं तर नको नको म्हणत घेतो. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी चपला काढायचे आणि थेट भिंतीपाशी जायचे. हात उलटा करून, बोटांची मागची बाजू भिंतीला टेकवत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारायचे आणि मगच खुर्चीत बसायचे. "तळहात मूर्ख असतो," असं त्यांचं मत होतं. "त्याला सगळंच सारखं लागतं. हाताची पाठ हुशार. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई काय लावते?" आमची आई तळहातच लावायची, पण हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

ही ऐंशीच्या दशकातली बोरिवली. चार मजल्यांची आमची सोसायटी नवी होती, म्हणजे बिल्डरने रंग नवा दिला होता. आत काय होतं ते पहिल्या दोन पावसाळ्यांतच बाहेर आलं. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना लोकांनी सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणीच तयार नव्हतं. पुढे निवडणुका व्हायच्या, पण त्या चहा-वेफर्सपुरत्या. आम्ही मुलं त्यांना सेक्रेटरीकाका म्हणायचो. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, आणि ती पाटीसुद्धा त्यांनी भिंतीला न ठोकता दाराला लावली होती. भिंतीत खिळा मारणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "आतून पाइप कुठून गेलाय ते तुम्हाला माहीत आहे? नाही ना? मग हातोडी खाली ठेवा."

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, ही मंडळी घर सोडून चालली आहेत. कपाट, पलंग, टीव्हीचं टेबल, सगळं भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं. मधे उरलेल्या जागेत माणसांनी अंग चोरून फिरायचं. कपाटामागे ओल धरली तर ती दिसायला हवी, असा त्यामागचा विचार. काकू बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडे भिंतींना फिरायला जागा आहे, आम्हाला नाही." लग्नानंतर नवऱ्याने आपल्याला पहिला प्रश्न काय विचारला, तर माहेरच्या गच्चीचा उतार कुठल्या बाजूला आहे, असंही त्या सांगायच्या. हे खरं की खोटं कोण जाणे. काका मात्र त्यावर गंभीरपणे म्हणायचे, "आणि तो चुकीच्या बाजूलाच होता."

त्यांच्या कापडी पिशवीत एक पितळी पेला असायचा. तो भिंतीला उपडा लावायचा, त्याच्या बुडाला कान द्यायचा आणि डोळे मिटायचे. नळ बंद असताना भिंतीत सू सू ऐकू आलं तर पाइप कुठेतरी फुटलेला. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात ते असे उभे असताना पलीकडच्या घरात नवं जोडपं तावातावाने भांडत होतं. नवऱ्याने दार उघडलं तर समोर सेक्रेटरी, कान भिंतीला. "क्या सुन रहे हो, साब?" तो भडकून म्हणाला. काकांनी डोळे न उघडता हात वर केला. "जरा दोघं गप्प बसा. पाणी ऐकू येत नाहीये." जोडपं खरंच गप्प बसलं. पाणी काही सापडलं नाही, पण भांडण तेवढ्यावर मिटलं.

रविवारची सकाळ ही त्यांची खास वेळ. टीव्हीवर पौराणिक मालिका सुरू झाल्या त्या काळात अख्खी बिल्डिंग पडद्यासमोर हात जोडून बसायची. कुणी नळ सोडायचं नाही, कुणी मोरीत जायचं नाही. काका त्या वेळी एकटे गच्चीवर. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करायची आणि छत्री उघडून बसून राहायचं. मालिका संपेपर्यंत पाणी खुणेच्या खाली गेलं, तर कुठेतरी चोरवाट आहे. मग ते प्रत्येक घराची बेल वाजवत खाली यायचे. संडासच्या टाकीत नीळ टाकून बघ, मोरीच्या जाळीपाशी मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात का बघ, भिंतीला रंगाचा फुगा आलाय का बघ. लोक वैतागायचे. आमचे बाबा म्हणायचे, "ह्या माणसाला देवाने माणूस केला हीच चूक. वॉचमन करायला हवा होता, तोही पाण्याचा." पण आमच्या शेजारच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर यायचे आणि आमच्याकडे यायचे नाहीत, हे बाबांनाही ठाऊक होतं.

आता चवीबद्दल सांगायला हवं.

ओल्या भिंतीवर ते बोट घासायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. एकदा समाधान झालं नाही तर तेच बोट परत भिंतीला, परत जिभेला. पाहणाऱ्याला शिसारी यायची. पण त्यांचं शास्त्र पक्कं होतं. म्युनिसिपालटीच्या पाण्याला चव नसते. आमच्या आवारातल्या विहिरीचं पाणी फ्लशला होतं, ते मचूळ. पावसाचं पाणी गच्चीवरून झिरपत आलं की त्याला शेवाळ्याचा, मातीचा वास लागतो. आणि गटाराचं पाणी? "ते जिभेपर्यंत येत नाही. नाक आधीच सांगतं," ते म्हणायचे. डाग दिसतो तिथं पाणी शिरत नाही, ते भलतीकडून शिरतं आणि सोयीचं वाटेल तिथं बाहेर येतं. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. "चव घेतल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं वाक्य बिल्डिंगमधल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. आम्ही ते वडापावच्या गाडीवर वापरायचो.

एकदाच ते चव न घेता बोलले, आणि ते आमच्याच घरात.

आम्ही पहिल्या मजल्यावर. बरोबर वर मावशी राहायच्या. त्या खारदांड्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. आई मालवणकडची. दोघींची ओळख सोसायटीत पहिल्या दिवशी पाण्याच्या पिंपावरून झाली आणि बांगड्याच्या तिखल्यावरून मैत्री. दुपारी जेवणं आटोपली की एकतर आई वर किंवा मावशी खाली. मला परीक्षेच्या वेळी ताप आला तेव्हा रात्रीचं जेवण वरून यायचं. मावशींच्या धाकट्या मुलाला आईनेच पाढे शिकवले. मला मोठी बहीण नव्हती, आईलाही नव्हती. मला वाटतं, आईला ती तिथं मिळाली होती.

मावशींचा भाऊ मासळी सुकवायचा. त्यासाठी मिठागरातून खडेमिठाची पोती यायची, त्यातलं एक तो दर वर्षी पावसाआधी बहिणीला द्यायचा. त्यातलं अर्धं ठरल्याप्रमाणे आमच्याकडे. आई ते मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरायची. आंब्याच्या फोडी, कोकमं, सुकट, सगळं त्या मिठावर. एका वर्षी भावाने जास्तच पाठवलं. बरणी भरली आणि गोणीत बरंच उरलं. ती गोणी कुठे गेली ते पुढे आम्ही कुणी आईला विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर डाग आला. माळ्याच्या जरा खाली, देव्हाऱ्याच्या अगदी बाजूला. आधी ताटाएवढा, मग वाढत गेला. रंगाचे पापुद्रे देवांच्या डोक्यावर पडायला लागले. भिंतीपलीकडे आमची मोरी आणि वर मावशींची मोरी. आई वर जाऊन सांगून आली. मावशींनी मोरीतलं पिंप हलवलं, जाळीभोवती सिमेंट लावलं. डाग हलला नाही.

मग सेक्रेटरीकाकांना बोलावलं. त्यांनी हाताची पाठ लावली, पेला लावला, आणि बोट पुढे केलं.

"थांबा, भावोजी," आई म्हणाली. "बाजूला देव आहेत. तोंडात घातलेलं बोट परत त्या भिंतीला लावायचं नाही. उष्टी भिंत मला चालणार नाही."

"वहिनी, चव घेतल्याशिवाय..."

"चवबिव काही नाही."

काका बायकांशी वाद घालत नसत. त्यांनी बोट रुमालाला पुसलं. मावशींच्या मोरीत नीळ कालवून सोडली. दोन दिवस वाट पाहिली, खाली निळं काही उतरलं नाही. काकांना तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण समोर डाग, वर मोरी, आणि आई रोज विचारतेय. "नीळ सिमेंटमध्ये गाळली जाते," ते म्हणाले. "मोरी वरचीच आहे. फोडावी लागेल."

मावशींची मोरी फोडली. ऐन पावसात त्या घरातली माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. नवी फरशी बसली, नवी जाळी बसली. तोवर पाऊस संपत आला होता, ऑक्टोबरात डाग सुकला, आणि काका जिंकल्यासारखे छत्री फिरवत जिन्यातून उतरले.

पुढच्या जूनमध्ये डाग परत आला. मागच्यापेक्षा मोठा.

आई जिन्यातच मावशींना म्हणाली, "काम धड करून घ्यायचं होतं, बाय. माझे देव भिजतायत." मावशी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माजी मोरी तुज्यासाठी फोडली ना? आता काय घर फोडू? तुला माज्या घरातलं पानीच नको असंल तर तसं बोल." दोघी एकमेकींना लागेल असं आणखी बरंच बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून दुपारी आमचं दार बंद. मागच्या वर्षीच तोंडदेखलं झालेलं बोलणं आता पुरतं थांबलं. त्या वर्षी पावसाआधी वरून मीठही आलं नव्हतं.

गणपतीच्या आधी कळलं की मावशींचे यजमान खोली विकायला काढतायत. वसईकडे जागा बघून आले. एक दलाल माणसं घेऊन वर जाताना मी पाहिला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊंदेत," आणि गॅस बंद करून भाजी तशीच कच्ची वाढली. बाबांनी ती निमूटपणे खाल्ली. मी वर जाऊन मावशींना सांगणार होते की आईला तुमच्यावाचून करमत नाही. आईने डोळ्यांनीच बसवलं.

या सगळ्यात सेक्रेटरीकाकांची अवस्था विचित्र झाली. ते रोज यायचे, डागासमोर स्टूल घेऊन बसायचे, चहा प्यायचे आणि न बोलता जायचे. मोरी पुन्हा तपासली, टाकीची खूण पाहिली, बाहेरचे पाइप पाहिले. कुठेही पाणी कमी होत नव्हतं. "पाणी जातच नाहीये," ते एकदा स्वतःशीच म्हणाले. "न गेलेलं पाणी येतंय कुठून?" पण देव्हाऱ्याकडे बघून बोट खिशात घालायचे.

तेवढ्यात गावाहून तार आली. बाबांचे चुलत आजोबा गेले. खूप म्हातारे होते, बाबांनी त्यांना लहानपणी कधीतरी पाहिलेलं. तरी सुतक ते सुतकच. पूजा बंद, देव्हाऱ्यावर कापड. संध्याकाळी काका भेटायला आले. बाबांजवळ बसले, किती वर्षांचे होते वगैरे विचारलं, "पिकलं पान" म्हणाले. मग घसा खाकरून आईकडे वळले.

"वहिनी, सुतक आहे म्हणजे सोवळंओवळं सध्या तहकूब ना?"

आई बघतच राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे आता चव घेऊ का?"

माझ्या घरात सुतकात कुणी हसल्याचं मला त्याआधी आठवत नाही. बाबा आधी हसले, मग तोंडावर पंचा धरला. आईला राग आला होता, पण तिलाही आवरेना. तिने नुसता हात हलवला, काय करायचं ते करा.

काका उठले. देव्हाऱ्याला नमस्कार केला. भिंतीवर बोट घासलं, जिभेला लावलं. डोळे मिटले. परत घासलं, परत लावलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं, विष आहे की काय.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे पाणी नाही. ही खारवणी आहे. खारट आणि मागून कडवट. मोरीतून असलं काही येत नाही. माळ्यावर काय ठेवलंय तुम्ही?"

"भांडी. आणि मखर."

"त्याच्या मागे?"

बाबा स्टुलावर चढले. पडदा सारला, मखर खाली दिलं, ट्रंक दिली, जुना पाळणा दिला. मग अगदी मागे, भिंतीला चिकटून, अर्धी खचलेली गोणी दिसली. गोणपाट काळं झालेलं, ठिबकतंय. तिच्याखालचा माळा ओला, आणि ती ओल भिंतीत उतरत गेलेली. खडेमीठ पावसाळी हवेतलं पाणी ओढतं आणि पाझरत राहतं. कुणाच्या मोरीची त्याला गरज नसते.

आई गोणीकडे बघत म्हणाली, "ह्यां तिचां मीठ."

काकांनी पायात चपला सरकवल्या आणि जिना चढायला लागले. मी मागे गेले. मावशींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बशा होत्या. आत खोकी भरायला सुरुवात झाली होती.

"तुमची मोरी निर्दोष होती," काका दारातूनच म्हणाले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आवाज मोठा झाला आणि वरच्या मजल्यावरची दारं उघडली. "मी चव न घेता बोललो. फोडायला नको होती. माझी चूक. खाली या आणि बघा."

मावशी बशा हातात घेऊनच खाली आल्या. सुतकाच्या घरात यायचं की नाही हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांनी गोणी पाहिली, भिंत पाहिली, मग आईला पाहिलं.

"दोन पावसाळं झालं. तू माजं मीठ वापरलं नाय?"

"मोरी फुटल्यापासना तुझ्याशी नीट बोलणां नाय," आई मालवणीवर आली होती. रडायला येत असलं की ती मालवणीवर यायची. "बरणीतलां संपलां, तेवा बाजारातलां आणलंय. तुझां मीठ कसां घालू जेवणात?"

"मग टाकायचं व्हतं, गो."

"टाकूक हात झालो नाय माझो."

मावशींनी बशा ओट्यावर ठेवल्या आणि आईला जवळ घेतलं. दोघी चांगल्या मोठ्याने रडल्या. खालच्या वाण्याला वाटलं असेल, चुलत आजोबांवर या घराचा काय जीव होता! काका पाठ फिरवून माळा तपासत राहिले. "मीठसुद्धा भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं," ते म्हणाले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मलाही त्या क्षणी ते फार आवडले, हे मात्र सांगितलं पाहिजे.

त्या बशा वर परत नेऊन मांडायला मी गेले होते. वसईची जागा राहिली. मावशी राहिल्या.

मीठ एकदा विटेत शिरलं की निघत नाही. भिंत खरवडली, प्लास्टर केलं, तरी दर पावसाळ्यात तिथे पांढरी पूड फुलायची आणि ओल यायची. बाबा म्हणाले, तिथल्या विटाच काढू. आई नको म्हणाली. तिने उलट देव्हारा उचलून समोरच्या भिंतीला नेला. कारण विचारलं तर म्हणाली, "भावोजींना बरं पडेल."

मग तो रिवाजच झाला. पावसाने जोर धरला की एखाद्या दुपारी काका यायचे. आई आणि मावशी ओट्याला टेकून उभ्या. काका भिंतीवर बोट घासायचे, चव घ्यायचे, परत घ्यायचे, आणि मावशींकडे वळून सभेत ठराव वाचावा तसे म्हणायचे, "खारट. वरची मोरी निर्दोष." त्यावर चहा. मावशी एकदा म्हणाल्या, "अवो, कळलं आता. किती वर्सं सांगाल?" काका म्हणाले, "फोडताना सगळ्यांनी ऐकलं होतं. निर्दोष आहे तेही ऐकू दे."

आई त्या वेळी चहात साखर ढवळत असायची. मोरीचं नाव पहिलं तिनेच घेतलं होतं, पण त्याबद्दल ती मावशींशी कधी काही बोलली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत म्हणजे जास्तीचा मासा वाढणं. तेवढं ती करायची.

शेवटचे ते आले तेव्हा मोठ्या आजारातून उठले होते. काठी टेकत एकेक पायरी चढले. दारापासून हाताची पाठ भिंतीला लावत आले, पण त्या वेळी आधारासाठी. स्वयंपाकघरात आई आणि मावशी नेहमीसारख्या उभ्या. काकांनी बोट घासलं, जिभेला लावलं. थांबले. परत लावलं. मग खूप वेळ बोटाकडे बघत राहिले.

"वहिनी, मला काही लागत नाही," ते म्हणाले. "औषधांनी जीभ गेली. आता मी बोलू शकत नाही."

मावशी पुढे होऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो, आमाला ठावं हाय." पण काका मान हलवत होते. चव घेतल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनी एकदाच मोडलं होतं.

आईने हात पदराला पुसले. काकांनी जिथे दोनदा बोट फिरवलं होतं त्याच जागी स्वतःचं बोट घासलं आणि जिभेला लावलं. नीट, डोळे मिटून. मग मावशींकडे वळली.

"खारट आसा," ती म्हणाली. "वरची मोरी निर्दोष."

मावशींनी मान खाली घातली. काका खुर्चीत बसले, आणि मी चहाचं आधण ठेवलं.